चाकूवरचं भस्म

"पक्कड ठेवा, काका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

काकांच्या एका हातात माझ्या टेबलावरची पक्कड होती, दुसऱ्यात घडीचा चाकू. शिंगाची मूठ, पितळेचे खिळे. पातं आत रुतून बसलं होतं आणि ते पकडीनं ओढायच्या बेतात होते.

"जरा जोर लावला की निघतंय."

"मूठ तडकेल. जुनं शिंग आहे."

त्यांनी पक्कड ठेवली. चाकूही ठेवला.

मी जुन्या धातूच्या वस्तूंचं कॉन्झर्वेशन करते. म्हणजे वस्तू नवी करायची नाही, आहे तशी टिकवायची. नांदेडला घराच्या वरच्या खोलीत माझं टेबल आहे. काम मला मानवतं, कारण वस्तू बोलत नाहीत. अडचण क्लायंटची असते.

हे काका नात्यातले नव्हेत, लातूरचे क्लायंट. आडत दुकान मुलाकडे सोपवून आता जुने घडीचे चाकू जमवतात. कलम तासायचे, पानाचे देठ खुडायचे, पोत्याची सुतळी कापायचे. प्रत्येक चाकू धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला. एकेक सोडून ते टेबलावर मांडत होते, तान्ह्या बाळाला निजवावं तसे. मी हात पुढे केला तर म्हणाले, "हातात न्हाई देत. चाकू हातोहात दिला की भांडण होतंय. आपलं तर आत्ताच जमायलंय."

रुतलेला चाकू त्यांच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा. अण्णा उदगीरला राहायला गेले तेव्हा धाकट्याला देऊन गेले. दर दसऱ्याला अण्णा लातूरला येतात, हा चाकू मागून घेतात आणि त्यानं पेरू कापतात.

"ह्या वर्षी उघडला न्हाई तर काय म्हणतील? एक चाकू दिला, तेवढाबी सांभाळता आला न्हाई."

काकू शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "महिनाभर हेच ऐकायलेय मी."

मी डोळ्याला लूप लावला. लूप म्हणजे घड्याळजी लावतात ते भिंग. पातं जिथं खिळ्यावर फिरतं तो सांधा पाहिला. गंज अपेक्षित होता, आणि होताच. पण त्याच्याभोवती पांढरं, दगडासारखं कडक काहीतरी जमलं होतं. बाकीचे चाकू पाहिले. नवे घेतलेले स्वच्छ होते. जुन्यांत पांढरं होतं. अण्णांच्या चाकूत सगळ्यात जास्त.

"ह्यांना काय लावता?"

"काही न्हाई. तेलसुद्धा न्हाई."

"काही न्हाई कसं?" काकू म्हणाल्या. "खंडेनवमीला भस्म लावता की. तराजूला, मापाला आन् ह्यांना. त्या अण्णांच्याला तर दोनदा."

मग सगळं जुळलं. काका भस्म पाण्यात कालवून तीन बोटं ओढत. पाणी सांध्यात उतरे, भस्म आत राही. राख हवेतला ओलावा ओढते आणि तिच्यातले क्षार लोखंडाला सोडत नाहीत. वर्षानुवर्षं. चाकू जितका लाडका, तितका जास्त खराब.

हे सांगायचं कसं? मी रिपोर्ट लिहिते, बोलत नाही. शेवटी काकांकडे न बघता चाकूकडे बघून सांगितलं.

त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे मीच बिघडवला."

"भस्मामुळं झालं," मी म्हणाले.

"भस्म काय आपल्या पायानं आत गेलं?" काकू म्हणाल्या. काका हसले, पण थोडेच.

चाकू माझ्याकडे राहिला. पाणी लावायचं नव्हतं, शिंग फुगतं. बांबूच्या काडीला टोक काढलं आणि पांढरं कणाकणानं खरवडलं. मग सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा आणि थांबायचं. रोज सकाळी अंगठ्यानं पातं हलकेच उचलून बघायचं, हललं नाही तर परत ठेवून द्यायचं. ह्या कामात थांबणं हेच निम्मं काम असतं. एका सकाळी पातं केसभर हललं. दोन दिवसांनी पूर्ण उघडलं, आणि मागच्या स्प्रिंगनं टक् असा आवाज केला. पात्याच्या बुडाशी शेफिल्डचा, म्हणजे इंग्लंडमधल्या चाकूंच्या गावाचा, शिक्का होता.

न्यायला दोघं आले. काकांनी चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. तो टक् आवाज ते कान देऊन ऐकत होते. ह्याला आता भस्म लावू नका, हे मला सांगायचं होतं आणि तोंडातून निघत नव्हतं. काकांनीच विचारलं, "आता पूजेचं कसं? कोरडं भस्म टिकत न्हाई. आन् न लावता चाकू ठेवायचा, ते मनाला पटत न्हाई."

कोर्समध्ये हे शिकवलेलं नाही.

"गणपतीच्या जागी सुपारी चालती," काकू पिशवी आवरत म्हणाल्या, "तर चाकूच्या जागी चालंना व्हय? एकेकापुढं एकेक सुपारी मांडा. तिला लावा भस्म, कितीबी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. रिपोर्टमध्ये 'निगा' ह्या मथळ्याखाली तेलाचा थेंब, कोरडं फडकं आणि सुपारी, अशी नोंद केली.

दसऱ्यानंतर काकांचा फोन आला.

"कापला पेरू?" मी विचारलं.

"कापला. अण्णा म्हणले, धार गेलीय."

"आणि?"

"आन् काही न्हाई. पातं आपल्याच धोतराला पुसलं, मिटलं आन् माझ्यापुढं खाली ठेवलं. हातात न्हाई दिला."

आता कुणी जुनी वस्तू घेऊन आलं की ती कुठं मिळाली, किती जुनी, हे मी नंतर विचारते. पहिला प्रश्न ठरलेला असतो. दसऱ्याला हिला काय लावता?