ताईला वाचून दाखवलेली कथा

कथा कशी लिहावी, यावर मला मिळालेले सल्ले एका वहीत मावणार नाहीत. एक ज्येष्ठ लेखक म्हणाले, पहाटे उठून लिही. दुसरे म्हणाले, शेवटचं पान फाडून टाक, कथा सुधारते. मी इतकी आज्ञाधारक, की पहाटे पाचला उठून शेवटची पानं फाडत बसायचे.

गारखेड्यातल्या एका लेखिकाबाईंनी मात्र माझी झोपच उडवली. दिवाळी अंकासाठी लिहिलेली माझी कथा त्यांनी दोनदा वाचली आणि विचारलं, "ही मोठी बहीण खरी आहे ना?"

"हो."

"मग आधी तिला वाचून दाखव. नंतरच पाठव."

मी चिडलेच. माझी कथा पहिल्यांदाच अंकात येणार होती आणि संपादकांना ती सोमवारी हवी होती. तरी रविवारी करमाडला गेले, ताईच्या सासरी.

कथेत आमचंच घर होतं. ताई दहावी झाली, तेव्हा मी सातवी. आई अंथरुणाला खिळलेली, आणि वडिलांना, आमच्या अण्णांना, एकीलाच शहरात शिकायला पाठवता येणार होतं. त्यांनी मला पाठवलं. कथेतले वडील कठोर होते, थोरली गरीब गाय होती आणि धाकटी तिच्या गळ्यात पडून रडत होती. वडील आता हयात नाहीत. ते मला सोयीचंच होतं, हे आज कबूल करते.

ताई ओट्यावर गवार मोडत बसली होती. "वाच की, त्यात काय लाजायचं?" म्हणाली.

पहिल्या पानावर ती हसली. दुसऱ्या पानावर शेंगा मोडायचा आवाज थांबला. मी मान वर केली नाही. आतून सासूबाईंनी हाक मारली. एका हाकेला उठणारी आमची ताई जागची हलली नाही. उरलेलं मी कसंबसं वाचून संपवलं.

"लई चांगलं लिहिलंस," ती म्हणाली. "पण तू रडलीस ते दुसऱ्या दिवशी. आदल्या सांजचं नाय लिहिलंस."

"काय झालं होतं?"

"नाय आठवत व्हय? अण्णांनी आपल्या दोघींनाच विचारलं, कोण जातं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, ताईला सैपाक येतो, तिला घरी राहू द्या." ती शेंगांकडे बघत राहिली. "मला पण जायचं होतं गं."

मला आठवत होतं. सगळं आठवत होतं, म्हणूनच तर मी वडिलांना इतकं कठोर केलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी ही कथा देतच नाही, ताई."

"दे की. पण तेवढं घाल. अण्णांना उगं बोल लागतो."

मी तिथंच पेन काढलं. ताई जवळ सरकून माझ्या खांद्यावरून वाचू लागली. "ताईला घरी राहू द्या, मी हळूच म्हणाले," असं मी लिहिलं.

तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं.

"हळू नाय. मोठ्यानं म्हणालीस तू."