शेंडा मागायचा राहून गेला

"हा टीबी नाही. याला क्रोन्स डिसीज म्हणतात," असं सुरतेच्या डॉक्टर बाईंनी सांगितलं तेव्हा माझी बायको शारदा चक्क हसली. सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊन तिच्या तोंडाची चव गेली होती आणि वजन तरीही उतरतच होतं. शेवटी खरं नाव तरी मिळालं, असं तिला वाटलं असावं. मला ते नाव आवडलं नाही. ज्या आजाराला आपल्या भाषेत शब्द नाही तो बरा कसा होणार, असा वेडगळ विचार माझ्या डोक्यात आला.

क्रोन्स म्हणजे आतड्याला आतून येणारी सूज. शरीराची प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायचं सोडून स्वतःच्याच आतड्यावर चालून जाते. शारदाची जागा होती लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं ती. उजवीकडे खाली, जेवण झालं की तासाभरात दुखायचं. तिथे स्ट्रिक्चर झालं होतं, म्हणजे आतडं आतून अरुंद झालं होतं. आमच्या कारखान्यात रस आटवायच्या भांड्यातल्या नळ्यांना आतून खपली धरते आणि रस पुढे सरकेनासा होतो. मला ते लगेच कळलं. फार लवकर कळलं, हाच पुढे घोटाळा झाला.

मी शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. सव्वीस वर्षं झाली. हे लिहितोय ते तुमच्या घरात असं लांबलेलं दुखणं असेल म्हणून. मी शहाणा आहे म्हणून लिहीत नाही. शहाणा असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

सुरतेच्या त्या दवाखान्यातली बाकडी आम्हा खानदेशी माणसांनी भरलेली असायची. सगळे एकाच गाडीने आलेले, सगळ्यांच्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकरी. कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे कॅमेरा लावलेली नळी घालून आतडं आतून बघणं. मग एमआरआय. प्रत्येक रिपोर्टसाठी थांबायचं. शारदा शेजारच्या बाईला धीर द्यायची आणि मी भिंतीवरची आतड्याची चित्रं पाठ करायचो.

औषधं सुरू झाली. आधी स्टिरॉइड, त्याने सूज उतरते पण चेहरा फुगतो. शारदाचा चेहरा इतका गोल झाला की कॉलनीतल्या बायका म्हणायला लागल्या, तब्येत छान सुधारली. तिने हळदीकुंकवाला जाणं बंद केलं. मग ॲझाथायोप्रिन नावाची गोळी, भडकलेली प्रतिकारशक्ती आवरणारी. तिला वेळ लागतो आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. त्या एकदा झाल्याच. डॉक्टर बाईंनी डोस कमी केला आणि बजावून सांगितलं, "गोळी मनाने सोडायची नाही. आणि दुसरं काहीही घेणार असाल, कुणाचा काढासुद्धा, तर आधी मला फोन करायचा."

मी मान हलवली. पांढऱ्या पेशींचा तो आकडा मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

शारदाचा धाकटा भाऊ दिलीप सुरतेलाच असतो. त्याचा खांदा दुखावला होता आणि जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून त्याने एक इंजेक्शन घेतलं होतं. खांदा बरा झाला. तो मला म्हणाला, दाजी, हे मुळात पोटासाठीच आहे, तुम्ही वाचून बघा. नाव बीपीसी-१५७. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. हा पंधरा दुव्यांचा, प्रयोगशाळेत बनवलेला, जठरातल्या रसातल्या एका प्रथिनावरून घेतलेला, असं सांगतात.

मी वाचलं. महिनाभर दुसरं काही वाचलं नाही. उंदरांची जखमी आतडी भरून आली होती, तुटलेले स्नायूबंध जुळले होते. माणसांवरचं काम अगदी थोडकं होतं. तेही मी वाचलं होतं, कुणी लपवलं नव्हतं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी तर इंग्रजीत छापलेली होती.

दिलीपने बाटल्या मागवून दिल्या. बोटाच्या पेराएवढ्या, आत पांढरी भुकटी. त्यावर लिहिलं होतं, फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. सोबत एक कागद होता, प्रयोगशाळेचा दाखला. शुद्धता नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे त्या आकड्याने माझं काय झालं ते कळेल. प्युरिटी हा आमचा रोजचा शब्द. उसाच्या रसात जे काही विरघळलेलं आहे त्यात साखर किती, ती त्याची प्युरिटी. रसाची पंच्याऐंशीच्या आसपास गेली तर आम्ही खूश असतो. ज्याने आयुष्यभर पंच्याऐंशीसाठी जीव टाकला त्याला नव्व्याण्णव दाखवल्यावर तो दुसरं काही विचारत नाही. भुकटी निर्जंतुक आहे का, हे त्या आकड्यात नसतं. ती शारदाच्या आतड्यात काय करेल, हेही नसतं.

आणि दुसरी गोष्ट सांगायला मला लाज वाटते. हंगामाच्या तोंडावर शेतकरी आमच्याकडे उसाचा नमुना आणतात. ऊस पक्व निघाला तर तोडणी लवकर मिळते. ऊस बुडख्याला गोड असतो आणि शेंड्याला पाणचट. म्हणून काही जण फडातला सगळ्यात जाड ऊस निवडतात, त्याची फक्त बुडख्याकडची कांडी आणतात आणि साळसूदपणे टेबलावर ठेवतात. मी कांडी हातात घेतो आणि एकच विचारतो, "शेंडा कुठं आहे?" कारखान्यात माझं टोपणनावच शेंडासाहेब पडलं आहे. या शेंडासाहेबाने दिलीपला विचारलं नाही की ज्यांना गुण आला नाही त्यांचं काय झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शारदा म्हणाली, बाईंना एक फोन करू. मी म्हणालो, त्या नाहीच म्हणणार, त्यांना हे वाचायला वेळ कुठे आहे. तिने बाटली उजेडात धरून बघितली.

"तुम्ही केमिस्ट शेतस ना," ती म्हणाली. "मंग मी काय सांगू?"

मी ॲझाथायोप्रिन बंद केलं. दोन्ही एकत्र नकोत, हे माझंच शास्त्र. आतडं आता पेप्टाइड भरून काढेल आणि पांढऱ्या पेशीही शाबूत राहतील, असा हिशेब. रोज सकाळी आंघोळीनंतर मी तिला पोटाच्या कातडीखाली सुई द्यायचो आणि विचारायचो, दहापैकी किती दुखतं?

पहिल्या दिवशी ती सहा म्हणाली. आठवड्याने पाच. मग चार, मग तीन. महिन्याभराने दोनवर येऊन थांबली. असा सरळ उतरत जाणारा आलेख मी प्रयोगशाळेतही क्वचित पाहिला होता. डॉक्टर बाईंची तारीख आली तेव्हा मी फोन करून कळवलं, ती बरी आहे, पुढच्या महिन्यात येतो. ते खोटं बोलणं मला तेव्हा खोटं वाटलं नाही.

त्या दिवसांत आम्ही तोरणमाळला गेलो. घाटाच्या वळणांवर ती माझा दंड घट्ट धरून बसली होती. मला वाटलं, वळणांना घाबरली. वर तळ्याकाठी तिने डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली हळूच माशांना टाकली. मी तिचा फोटो काढला. अजून तो माझ्या फोनमध्ये आहे. आता मोठा करून बघितला की तिचा डावा हात पोटावर दिसतो.

मग हंगाम सुरू झाला. कारखान्यात मोळीपूजन असतं, पहिल्या उसाच्या मोळीची पूजा करून ती गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकतात आणि गाळप सुरू होतं. कॉलनीतल्या बायका ओवाळायला येतात. शारदा दोन वर्षांनी पहिल्यांदा नवं लुगडं नेसून आली होती. सकाळचे दहा वाजले असतील. ताट तिच्या हातातून सुटलं आणि ती पोट धरून खाली बसली. कुणीतरी म्हणालं, उन्हाने झालं. मी तिच्या पोटाला हात लावला. ते फळीसारखं कडक लागलं.

शहाद्याहून नंदुरबार, तिथून सुरत. डॉक्टर बाईंनी सीटी स्कॅन बघून सांगितलं, "परफोरेशन आहे. आतड्याला भोक पडलंय आणि आतली घाण पोटात पसरली आहे. लगेच ऑपरेशन करावं लागेल." मग त्यांनी विचारलं, "ॲझाथायोप्रिनचा डोस तोच चालू आहे ना?"

मी सांगितलं. आयुष्यात इतकं हळू मी कधी बोललो नव्हतो.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी बाटली मागितली. गडबडीतही माझ्या बॅगेत बाटली आणि तो कागद दोन्ही होते, सुई चुकायला नको म्हणून. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवलं आणि चष्मा वर सारून बघितलं.

"हा कागद कुठल्या बाटलीचा आहे?" त्यांनी विचारलं.

कागदावरचा बॅच नंबर वेगळा होता, बाटलीवरचा वेगळा. नमुना आणि चिठ्ठी जुळवणं हे माझ्या हाताखालच्या माणसाला मी पहिल्या दिवशी शिकवतो.

ऑपरेशन झालं. आतड्याचा तेवढा भाग काढून टाकला आणि पोटावर पिशवी लावली. त्याला स्टोमा म्हणतात, शौचाला केलेली वेगळी वाट. पण सेप्सिस झालं होतं. जंतूंचं विष रक्तात गेलं की एकेक अवयव बसत जातो, ते सेप्सिस. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मी आठ दिवस बसलो. दिलीप शेजारी बसून रडायचा आणि मला त्याचा राग येत नव्हता. मागवायला मीच सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी ती चांगली शुद्धीत होती. दुपारी मला दहा मिनिटं आत सोडलं. सवयीने मी विचारलं, दहापैकी किती?

"नऊ," ती म्हणाली. "पयलेबी दुखेच. पन तुम्हना चेहरा देखीसन मी कमी सांगू."

मी विचारलं, दोन म्हणायचीस तेव्हा खरं किती असायचं? तिने डोळे मिटून घेतले. मग माझा हात थोपटला. "जाऊ द्या ना. तुमले बरं वाटे."

आठव्या दिवशी सकाळी ती गेली.

नंतर एकदा मी डॉक्टर बाईंना भेटायला गेलो. मला शिक्षा हवी होती, आणि ती द्यायला दुसरं कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, "त्या इंजेक्शनमुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. तो आजारच तसा आहे, गोळ्या घेऊनही एखाद्याचं आतडं फाटतं. पण दुखणं वाढतंय हे मला कळलं असतं, तर स्ट्रिक्चरचं ऑपरेशन आपण ठरवून, शांतपणे केलं असतं." मी विचारलं, मग ते पेप्टाइड थोतांडच का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तसंही मी म्हणणार नाही. संशोधन चालू आहे. त्यातून उद्या काही चांगलं निघेलही. पण संशोधन चालू आहे याचा अर्थच हा, की अजून कुणाला माहीत नाही."

त्यांनी मला चहा पाजला. मी लपवाछपवी केली होती तरी त्यांनी मला दारातून हाकललं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही. आयसीयूतल्या त्या केरळच्या परिचारिकेचेही, जी रोज शारदाची वेणी घालायची.

दिलीपच्या ओळखीतून अजूनही फोन येतात. कुणाचा गुडघा, कुणाचं पोट. मी त्यांना घाबरवत नाही. दाखल्यावरचा नंबर बाटलीशी जुळवा म्हणतो. डॉक्टरांपासून काही लपवू नका म्हणतो. ज्यांना गुण आला नाही त्यांची नावं मागा, म्हणजे शेंडा मागा, एवढं सांगतो. लोक ऐकतात की नाही, मला माहीत नाही. मीही ऐकलं नसतं.

पण एक गोष्ट फोनवर सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो. घरातल्या दुखणाईताला किती दुखतं असं विचाराल तेव्हा तोंड दुसरीकडे करून विचारा. खिडकीकडे बघा, भाजी निवडा, काहीही करा. आपल्या डोळ्यांतली आस त्याला दिसली, की तो जपून जपून गोड कांडीच तुमच्या हातात देतो.

शेतकऱ्यांच्या कांड्या मी सव्वीस वर्षं परत पाठवल्या. घरी मात्र रोज सकाळी सुई हातात घेऊन, तिच्या तोंडाकडे बघत मी विचारायचो, किती. आणि ती माझ्या तोंडाकडे बघून सांगायची, दोन.