फौजीकाकांचा तारा

आमच्या शेजारच्या मावशींनी उभ्या आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या सांगण्यात विश्वास ठेवलेला नाही. उद्या साक्षात देव जरी त्यांच्या दारात उभा राहिला, तरी त्याला पाणी देतील, खुर्ची देतील आणि मग पदराला हात पुसत विचारतील, "देव आहात, पण कशावरून?" मावशींचं माहेर वणीकडचं, गडाच्या पायथ्याचं. त्यामुळे सप्तशृंगीला तेवढी या चौकशीतून सूट होती. बाकी सगळ्या जगानं आपापला पुरावा बरोबर घेऊन यावं, असा त्यांचा नियम होता. नाशिकरोडच्या स्टँडवर 'वणी' अशी ठळक पाटी लावलेली बस उभी असली तरी मावशी आधी ड्रायव्हरला विचारायच्या, मग कंडक्टरला, मग आत बसलेल्या एखाद्या गरीब चेहऱ्याच्या बाईला. तिघांचं उत्तर एकच आलं की त्यांचा संशय उलट वाढायचा. "ठरवून सांगताय सगळे," असं पुटपुटत त्या चढायच्या आणि दिंडोरी येईपर्यंत खिडकीतून ओळखीची झाडं शोधत राहायच्या.

जेलरोडच्या त्या कॉलनीत आम्ही राहायला आलो, त्याच दिवशी माझी परीक्षा झाली. त्यांचं घर आणि आमचं घर यांत एक सामाईक भिंत आणि एक कढीपत्त्याचं झाड. मावशी वाटीभर शेवयांची खीर घेऊन आल्या. मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, घरी गेल्या आणि दुधाची रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. पिशवीवरचं बारीक इंग्रजी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून अर्थ सांगितला, तेव्हा कुठे त्यांनी मला मास्तरीण मानलं. माझ्या मुलीला एकदा ताप आला होता. थर्मामीटरनं ताप दाखवला, पण मावशींना तो पटेना. त्यांनी तो झटकला आणि स्वतःच्या काखेत धरून बसल्या. "चांगल्या माणसाचा कळतोय का बघू तर दे याला," म्हणाल्या. दोन्ही आकडे बघून मग त्यांनी पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवायला घेतल्या, आणि ताप उतरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. त्यांचा अविश्वास असा होता. त्यात कडवटपणा नसायचा, माया मात्र भरपूर असायची.

त्यांच्या यजमानांना सगळी कॉलनी फौजीकाका म्हणायची. एकट्या मावशी 'आमचे ड्रायव्हर' म्हणायच्या. काका उंच होते, अंगानं सडपातळ, आणि कान इतके मोठे की पाठमोरे असले तरी ओळखू यावेत. लष्करात ते ट्रक चालवायचे. तिथून सुटल्यावर ओझरच्या कारखान्यातल्या कामगारांची बस कितीतरी वर्षं चालवली. बोलणं मोजकं, तेही सावकाश, जणू प्रत्येक शब्दाला गिअर बदलावा लागतोय. रविवारी सकाळी ते फाटकाशी स्कूटर पुसत बसत, आणि कुणी थांबलं की हळूच म्हणत, "एकाहत्तरला आम्ही तिकडं राजस्थानात होतो. वाळवंटात. दिवे बंद करून गाडी हाणायची, रस्ता म्हणून काही नाहीच..." एवढ्यात आतून मावशींचा आवाज यायचा, "लागली का गाडी? आधी भाजीबाजारात हाणा, कांदा संपलाय!" ऐकणारे हसायचे. काकाही हसायचे. फडकं पिळून दोरीवर टाकायचे आणि पिशवी घेऊन निघायचे. पुढे काय झालं ते कुणी विचारायचं नाही, आणि काका आपणहून सांगायचे नाहीत.

या थट्टेमागे एक कारण होतं. कॉलनीतल्या गणपतीत एकदा एक निवृत्त हवालदार पाहुणे म्हणून आले होते. काकांच्या छातीवरची पदकं बघून ते चारचौघांत म्हणाले, "ही तर नोकरीची. आघाडीवर होता म्हणता, मग स्टार कुठंय?" लढाईच्या मुलखात गेलेल्या प्रत्येकाला एक ताऱ्याच्या आकाराचं पदक मिळतं, पश्चिमेकडच्या आघाडीला पश्चिमी स्टार म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. काका नुसते म्हणाले, "मिळाला नाही." मावशी मागच्याच रांगेत प्रसादाची परात घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासाठी निकाल तिथंच लागला. एवढं होतं तर सरकारनं दिला नसता का? घरी आल्यावर त्यांनी विचारलं, आणि काकांनी सांगितलं की लढाईपुरतं त्यांना गाडीसकट दुसऱ्या रेजिमेंटला जोडून दिलं होतं, ते कुणीतरी लिहायचं राहून गेलं. "कशावरून?" मावशींनी विचारलं. काकांनी पदकं उतरवून डबीत ठेवली. पुढच्या वर्षीपासून गणपतीत ते पदकं न लावता यायला लागले.

काका गेले ते एका सकाळी, चहाचा कप हातात घेऊन, कुणाला काही त्रास न देता. वर्षश्राद्धाला त्यांच्या मुलानं स्थानिक पेपरात त्यांचा तरुणपणचा वर्दीतला फोटो छापला. त्यानंतर आठवडाभरात मनमाडहून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत मावशींच्या दारात आले. मी तेव्हा मावशींकडेच कढीपत्ता निवडत बसले होते. गृहस्थांनी चपला काढल्या, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि फोटोला कडक सलाम ठोकला.

"हाच," ते म्हणाले. "कानांवरनं ओळखला. वहिनी, मी तोफखान्यात होतो. लढाईत आमच्या तोफांना दारूगोळा कोण आणायचं, माहितीये? हा आणायचा. विमानं डोक्यावर असायची. बाकीच्या गाड्या थांबायच्या, याची थांबायची नाही. याच्या नावाचा आमच्यात जयघोष व्हायचा."

मी मावशींकडे बघत होते. आता त्या विचारतील, असं मला वाटलं. त्यांचे ओठ हललेही. पण त्या उठून आत गेल्या, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

चहा घेताना गृहस्थांनी सहज विचारलं, "स्टार कुठं ठेवलाय त्याचा?"

"मिळाला नाही," मावशी म्हणाल्या. अगदी काकांच्याच आवाजात.

त्यानंतर मावशींनी जे आरंभलं, त्याला लढाईच म्हणायला हवं. सैनिकांच्या कामाच्या सरकारी कार्यालयात आम्ही दोघी गेलो. तिथले कारकून भले होते. त्यांनी जुने कागद पाहिले आणि अवघडून म्हणाले, "मावशी, यात तर साहेब लढाईच्या काळात आपल्या मूळ युनिटमध्येच हजर दिसतात. आघाडीवर होते, हे कशावरून म्हणायचं?" मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. बाहेर आल्यावर पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बघ. जे पेरलं तेच उगवलं गं." त्या दिवशी रिक्षावाल्यानं सांगितलेल्या भाड्यावरही त्यांनी काही विचारलं नाही. मला ते बरं वाटलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कंबर कसून हजर. दूरच्या कुठल्या गावी काकांचं रेकॉर्ड होतं, तिथं पत्रं पाठवायची. मावशी मराठीत सांगणार, मी इंग्रजीत लिहिणार. त्या सांगायच्या, "लिही, की तुमच्या घरी कुणी बापमाणूस आहे की नाही?" मी लिहायची, की आपण या प्रकरणी सहानुभूतीनं लक्ष घालावं. मग त्या लिहिलेलं मराठीत परत वाचून घ्यायच्या. "यात माझा राग कुठंय?" "मावशी, तो आहे, पण सभ्य भाषेत आहे." "लय सभ्य झालाय. थोडा उघडा कर." पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' हवंच, असा त्यांचा हट्ट. लष्कराच्या साहेबाला लोभ असावा हे इंग्रजीत कसं कळवायचं, हे मला अजूनही जमलेलं नाही. मी आपलं 'आपली विश्वासू' लिहून वेळ मारून न्यायची.

उत्तरं यायची, आणि एकासारखी एक. उपलब्ध नोंदींनुसार सदर जवान मूळ युनिटमध्ये हजर होते. "हजर होते तर दारूगोळा काय यांच्या भुतानं नेला?" मावशी कडाडायच्या. पोस्टमन हे ऐकून सायकलवरून उतरायचा आणि त्यांची समजूत घालायचा. मनमाडच्या गृहस्थांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं. त्यात किती लिहायचं, यावरून वकिलाच्या टेबलापाशी वाद झाला. गृहस्थ सांगायला लागले की लांबायचे. वकील म्हणायचा, "आजोबा, कुठली रेजिमेंट, कुठला मुलूख, कधी ते कधी, एवढंच द्या." मावशीही घाईला आलेल्या. "भाऊ, कागदात मावेल तेवढंच बोला आत्ता," त्या म्हणाल्या. गृहस्थांनी सही केली. तारा मिळवायचा होता ना. बाकीचं नंतर बघू, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

एवढ्यावरही मधे एक सबंध पावसाळा गेला, उन्हाळा गेला. मुलगा म्हणायचा, "आई, आता बाबाच नाहीत. कशाला जीव आटवतेस?" मावशी म्हणायच्या, "ते होते तेव्हा आटवला नाही ना."

अखेर त्या तोफखान्याच्या रेजिमेंटमध्ये एका तरुण अधिकाऱ्यानं मनावर घेतलं. त्यानं आपल्याकडचे जुने हुकूम धुंडाळले. त्यात काकांचं नाव, नंबर, आणि गाडीसकट जोडून दिल्याचा उल्लेख सापडला. रेकॉर्ड दुरुस्त झाल्याचं पत्र आलं, आणि काही महिन्यांनी पोस्टानं एक लहानसं पार्सल. मावशींनी ते स्वतः फोडलं. आत तो तारा होता, रंगीत फितीला लटकलेला. त्यावर काकांचा नंबर आणि नाव कोरलेलं होतं. माझ्याकडून त्यांनी ते वाचून घेतलं नाही. इंग्रजी येत नसताना त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिल्या. मुलानं तारा फोटोला लावू म्हटलं, तर नको म्हणाल्या. सून पेढे आणते म्हणाली, तर म्हणाल्या, "पेढे आण, पण मनमाडला न्यायला."

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही मनमाडला गेलो. स्टेशनजवळच्या जुन्या वस्तीत गृहस्थांचं घर होतं. ते आता बरेच थकले होते, खाटेवरच असायचे. तारा त्यांच्या हातात दिल्यावर त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि खूप वेळ हसत राहिले. त्यांच्या सुनेनं चहा ठेवला. मग मावशी खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"भाऊ, आता सांगा," त्या म्हणाल्या. "सगळं सांगा. यांनी कधी पूर्ण सांगितलं नाही. म्हणजे, मी सांगू दिलं नाही. दिवे बंद करून गाडी हाणायचे, इथपर्यंत मला माहीत आहे. त्याच्या पुढचं सांगा."

गृहस्थांनी तारा उशाशी ठेवला. "अंधार पडला की गाडी यायची," ते म्हणाले. "आम्ही पेट्या उतरवायचो. हा चाकाला टेकून बिडी ओढायचा. एकदा गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, तो दोरखंडानं बांधून आला. एकदा टपाला छर्ऱ्यांची भोकं होती. मग पहाट व्हायच्या आत परत जायचा."

"आणि रस्त्यात?"

"रस्त्यातलं मला कसं ठाऊक असणार, वहिनी? गाडीत तो एकटाच असायचा."

मावशी हातातल्या कपाकडे बघत होत्या. चहावर साय धरली होती. मग एकदम त्या म्हणाल्या, "एक म्हातारी होती. विहिरीवरची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात एकदा सांगत होते. रस्त्यात कुठंतरी तिची झोपडी होती. गाव सोडून सगळे पळाले, ती एकटी राहिली होती. तिनं यांना पाणी पाजलं."

गृहस्थ कोपरावर रेटून अर्धे उठून बसले. "पाणी? अहो, आम्हाला तो पाणी आणायचा! पेट्यांच्या मागं एक डबा असायचा. तिकडं सगळं खारं, आणि याचं पाणी गोड. आम्ही विचारायचो, कुठनं आणतोस रे? तर नुसता हसायचा. म्हातारीचं होतं होय ते?" त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "मग? पुढं काय झालं तिचं? वाचली का ती?"

मावशींनी 'ठाऊक नाही' अशी मान हलवली.

"ते सांगतच होते," त्या म्हणाल्या. "पण दूध चुलीवर होतं. मी उठून गेले. परत आले तेव्हा ते झोपले होते." मग माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू आवाजात, खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी मला विचारलं, "गेलं असतं दूध उतू, तर काय बिघडलं असतं गं?"