कमरेएवढ्या उंचीवर

सहा महिने झाले, रोज सकाळी चटईवर बसून मी मांड्या ताणते आहे. पन्नाशीत डोंगराचे कडे चढायला शिकायचं वेड घेतलं, पण कमरेएवढ्या उंचीवर पाय पोचेना, म्हणून हा खटाटोप. गुडघे अजून जमिनीला टेकत नाहीत. काल सरावाच्या भिंतीपाशी गेले ती नाव कमी करायलाच.

सत्तरीचे एक गृहस्थ भिंत चढत होते. खाली त्यांच्या पत्नी दोर धरून उभ्या होत्या. एका ठिकाणी त्यांचा पाय वर जाईना. त्यांनी सरळ पँट मुठीत धरून पाय उचलला, खाचेत ठेवला आणि वर सरकले.

ते उतरल्यावर मी विचारलं, "काका, ताणाचे व्यायाम नाही करत?"

"करतो की. अकरा वर्षं, रोज."

"मग फरक?"

"पडला ना! तेव्हा पाय इथवर यायचा," त्यांनी मांडीवर हात ठेवला, "आजही इथवर येतो."

काकू हसल्या. मला हसू आलं नाही. शरीर रोज थोडं मिटत जाणार आणि आपण ते रोज तेवढंच उघडायचं. ऐकूनच थकवा आला. नाव कमी करायला काउंटरपर्यंत जायचाही मग कंटाळा आला.