फुकटचा सर्व्हर

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात कुणाशी एक शब्द बोलत नसत. नाशिक रोडला नोकरी, आणि घरी आले की कॉम्प्युटर. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीकडून त्यांनी इंटरनेटवर फुकटचा सर्व्हर मिळवला होता. अट एकच, कंपनीच्या गप्पांच्या फोरमवर रोज एक पोस्ट लिहायची. खाडा झाला की सर्व्हर बंद. त्यामुळे हा अबोल माणूस रोज संध्याकाळी अख्ख्या जगाची विचारपूस करायचा.

"पण त्या सर्व्हरवर ठेवलंय काय तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"काहीच नाही. काही ठेवलं की स्लो होतो," ते म्हणाले. "पण फुकटात याहून चांगला मिळणार नाही."

सिन्नर फाट्यावर स्कूटर घसरून माझा पाय मोडला, तेव्हा ते पहिल्यांदाच आमच्याकडे आले. खुर्ची जवळ ओढून घेतली. कसा पडलात, उचललं कुणी, रात्री ठणकतं का, सगळं विचारलं. बायकोनं कौतुकानं दुसऱ्यांदा चहा टाकला. मलाही वाटलं, आपण माणूस ओळखायला चुकलो.

मी ऑपरेशनपर्यंत आलो तसे ते उठले.

"ते उद्या सांगा," म्हणाले. "एका दिवसात दोन पोस्ट धरत नाहीत ते लोक."