आईचे लेव्हलमधले फोटो

आई गेल्याला वर्ष व्हायला आलं तरी माझा अल्बम पुरा होत नव्हता. काळ्या जाड कागदाची पानं, दोन पानांमध्ये बटर पेपर, फोटो अडकवायला कागदाचे त्रिकोणी कोपरे आणि खाली पांढऱ्या शाईनं एक ओळ. ओळ सरळ यावी म्हणून आधी पेन्सिलीनं फिकी रेघ. एखादं अक्षर जरा फुगलं की मी ते पान काढून टाकायची आणि नवीन घ्यायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या एका रेषेत नसल्या तर मला चैन पडत नाही. धाकटी बहीण म्हणायची, ताई, तुझा अल्बम पुरा होईस्तोवर आपल्या दोघींचेही फोटो त्यात लावायची वेळ येईल.

अल्बम बाबांसाठी होता. आई गेल्यापासून ते तिच्याविषयी एक शब्द बोलले नव्हते. पेपर वाचायचे, झाडांना पाणी घालायचे, संध्याकाळी मिरकरवाड्याच्या बंदरापर्यंत चालत जाऊन बोटी बघून यायचे. कुणी आईचा विषय काढला की उठून गॅस बंद आहे का ते पाहून येत. आमचा गॅस वर्षभर इतका तपासला गेला की कंपनीच्या माणसालाही लाज वाटावी. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी तिच्याविषयी काहीतरी बोलावं. आणि कसं कोण जाणे, माझ्या डोक्यात बसलं होतं की अल्बम अगदी निर्दोष झाला तरच ते बोलतील.

आईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी सकाळी मी तो त्यांच्यापुढे ठेवला. निम्मी पानं कोरीच होती, पण होते ते फोटो निवडक, सगळे स्टुडिओतले. लग्नानंतरचा, आम्हा दोघींना मांडीवर घेतलेला, महिला मंडळाचा. प्रत्येकात आई एकाच चेहऱ्यानं बसलेली, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी. बाबांनी हात पुसले, चष्मा लावला, एकेक पान उलटलं. शेवटी म्हणाले, "अक्षर छान आलंय. नीट ठेव." मग स्वतःच अल्बम उचलून कपाटात घरपट्टीच्या पावत्यांवर ठेवला आणि झाडांकडे गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर निवडत बसले. निवडलेलीच पुन्हा निवडली.

तिथे मावशी आणि बहीण दुसऱ्या दिवसाच्या जेवणाची तयारी करत होत्या. दोघी देवरूखहून सकाळच्या एसटीनं आलेल्या. मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. आवाज आईचाच, फक्त दुप्पट मोठा. मोठे टोप माळ्यावर होते. बहीण स्टुलावर चढली, आणि सगळ्यात मोठ्या टोपाच्या पोटातून तिनं बिस्किटांचा एक गंजका डबा काढून माझ्या हातात दिला.

आत फोटो होते. आम्ही पोफळीला कॉलनीत राहायचो तेव्हाचे. बाबा तिथे पॉवरहाऊसमध्ये होते आणि त्यांच्याकडे एक रोलचा कॅमेरा होता, हे मी पार विसरून गेले होते. मी अधीर होऊन पहिला फोटो उचलला. क्वार्टरच्या पायऱ्या, तुळशीसारखं कसलंसं रोप, आणि एक बाई. मानेपासून खाली.

दुसऱ्यात नळ, बादली, एक कोपर. तिसऱ्यात मागे डोंगर, पुढे फक्त पदराचं टोक, फोटोच्या बाहेर पडत असलेलं.

"ही कोण गो?" मावशीनं पिठाचे हात लांब धरून मान पुढे केली. "मुंडकं नाय ते?"

आई असणार, असं मी म्हटलं. मावशीनं नीट पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. मला वाटलं आता रडते.

"अगो, ही तर माझी साडी. निळी, बारीक काठाची. तुझी आवस एका दिवसासाठी म्हणून घेऊन गेली ती गेली. विचारलं तर म्हणायची, मी नाय बघितली."

बहिणीला आधी हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला. मी शक्य तितक्या गंभीरपणे पुढचा फोटो घेतला, त्यात दोन चपला होत्या. फक्त चपला, पण एका ओळीत.

"ताई," बहीण कशीबशी म्हणाली, "डोंगर बघ, पायऱ्या बघ. सगळं किती सरळ."

झालं. मी खाली फरशीवर बसले. कोथिंबीर सांडली. हसता हसता मला उचकी लागली, ती ऐकून मावशी हसत सुटली, आणि मावशी हसली की शेजारच्या दोन घरांना कळतं. बाहेर दोरीवर उद्याच्या पांढऱ्या साड्या वाळत होत्या, आणि आम्ही तिघी शाळकरी पोरींसारख्या फरशीवर लोळत होतो. थांबायचो, एकमेकींकडे बघायचो नाही, आणि मग कुणीतरी हळूच "चपला" म्हणायचं.

तेवढ्यात दारात बाबा उभे राहिले. हातात पाण्याची झारी.

दुःखाच्या घरात असं हसणं बरं दिसत नाही, हे तिघींनाही एकदम आठवलं. मला वाटलं, आता ते गॅस तपासतील. पण फरशीवर पसरलेले फोटो त्यांना दिसले. मी ते गोळा करायला लागले, आणि बहिणीनं, जिला लहानपणापासून कधी गप्प बसता आलं नाही, विचारलंच.

"बाबा, आईचं डोकं कुठंय?"

बाबांनी झारी खाली ठेवली. नळ-बादलीचा फोटो उचलून खिडकीपाशी नेला.

मग ते सांगायला लागले, अगदी मशीन समजावून सांगावं तसं. पॉवरहाऊसमधले सगळे सोबती फोटो बघायचे, आणि जमीन जरा कलती दिसली की टिंगल करायचे. म्हणून त्यांनी कॅमेऱ्याच्या डोक्यावर लेव्हल बसवली होती, गवंड्याकडे असते तशी बुडबुड्याची नळी, फक्त बोटाएवढी. बुडबुडा मधोमध आला की बटण दाबायचं. फोटो एकही कलता आला नाही.

"पण आई?" मी विचारलं.

"लेव्हल बघू की तिला बघू?" बाबा म्हणाले. "मी म्हणायचो थांब. ती म्हणायची, थांबले. आणि बुडबुडा मधे येईपर्यंत निघालेली असायची. दूध वर येईल म्हणायची. रोज काय दूध वर यायचं? पण निघालेली असायची."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला क्षणभर कळेना ते काय करतायत. ते हसत होते. आवाज न करता, डोळे पुसत, फोटो हातात घट्ट धरून. आणि मग बोलत राहिले: ती बादली कुणाची, त्या पायऱ्यांवर ती कशी घसरली होती, घसरूनही उलट त्यांच्यावरच कशी रागावली होती. निळी साडी तिला फार आवडायची, हेही त्यांनी सांगितलं. मावशी म्हणाली, माहीत आहे हो.

अल्बम कपाटातून त्यांनीच काढून आणला. माझे कोपरे संपले होते, तर मावशीनं वाटीभर कणकेची खळ शिजवली. मी म्हणाले, खळीनं कागद फुगतो. कुणी ऐकलं नाही. पहिला फोटो चिकटवायच्या आधी बाबा आत गेले आणि येताना ती लेव्हल घेऊन आले. जपून ठेवलेली. त्यांनी ती फोटोच्या कडेवर ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. टेबलाचाच एक पाय आखूड होता. बाबा पायाखाली घालायला पुठ्ठ्याचा तुकडा शोधायला लागले.

वाकून, डोळे बारीक करून पुठ्ठा दुमडणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहताना मला माझीच पेन्सिलीची रेघ दिसली. मी लेव्हल उचलून कोथिंबिरीत ठेवली आणि पदराच्या टोकाचा फोटो पानावर तिरका दाबला. चांगलाच तिरका. खळ कडेनं बाहेर आली.

"बाबा, बघा. निघाली."

बाबांनी मान वाकडी करून पाहिलं. "हं," म्हणाले. "अशीच."

पुढचे सगळे त्यांनीच लावले. पानांवर त्यांच्या अंगठ्याचे ठसे उठले, चपला उलट्या चिकटल्या. ओळी लिहायच्या राहूनच गेल्या.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, आणि अल्बम या हातातून त्या हातात फिरत राहिला. बाबा प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगत होते, दूध वर येण्यापर्यंत. निघताना मावशीनं पिशवी भरली आणि निळ्या साडीच्या फोटोवर बोट ठेवलं. साडी तर मिळाली नाय, म्हणाली, हा तरी द्या.

बाबांनी पानाची कड नखानं उचलून पाहिली.

"हा निघायचा नाही. खळीनं लावलाय." मग त्यांनी सुरुवातीची पानं उघडून स्टुडिओतला लग्नानंतरचा फोटो माझ्या सरळ कोपऱ्यांतून अलगद सोडवला आणि मावशीच्या हातात ठेवला. "हा घेऊन जा. यात चेहरा आहे."