चालत्या माणसाचे जेवण

वाण्याच्या दुकानातील फोनवर ‘तुमचे बंधू सकाळी वारले’ एवढे एकच वाक्य ऐकले, त्याला आता पाच आठवडे होतील. रुग्णालयाला मी चार पत्रे पाठविली. उत्तर एकाचेच आले: ‘रुग्णाने अन्नपाणी नाकारले.’ नाकारण्यापूर्वी कोणीतरी ते देऊ करावे लागते, एवढेही त्या कार्यालयात कोणास ठाऊक नसावे.

माझा धाकटा भाऊ मधू. डॉक्टर त्याच्या आजाराला उन्माद-विषाद म्हणत. काही महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून राही, आणि मग एकाएकी त्याच्या पायाला भिंगरी लागे. बोरीवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आठवडा आठवडा डोळ्याला डोळा नसे. “दादा, अर्ज कर ना रे सरकारला, मागचं जंगल माझ्या नावावर करायला. तुझं अक्षर बघूनच घाबरतील,” म्हणून हसे. कोर्टात शिरस्तेदारी केलेल्या मला ती थट्टा तेव्हा बोचे...

या खेपेस भिंगरी लागलेली असतानाच त्याला रुग्णालयात ठेवले, तेव्हा वॉर्डात माहुलची हिरा सिस्टर होती. मधू ताटावर बसणार नाही, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखले. पोळीत भाजी गुंडाळून ती त्याच्या हातात देई आणि पाण्याचा पेला घेऊन व्हरांड्यात त्याच्याबरोबर फेऱ्या मारी. एक घास, चार पावले, एक घोट. रविवारी भेटीला गेलो असता मी ते पाहिले आणि संतापलो. शिकल्यासवरल्या माणसाला असे चारतात?

“साहेब, हा बसनार नाय,” ती म्हणाली. “आधी पानी, चार घास, मग झोप. अब्रूचं नंतर बघू.”

घरी येताच मी पत्र लिहिले: ‘रुग्णास इतरांप्रमाणे सन्मानाने पंगतीत बसवून जेवू घालावे.’ आयुष्यभर लिहिलेल्या पत्रांपैकी याच एकाची तातडीने अंमलबजावणी झाली. सिस्टरची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली. मधूचे ताट रीतसर पंगतीत वाढले जाई, आणि पंगत उठली की पाण्याच्या पेल्यासकट भरलेलेच उचलले जाई. तो चालतच राहिला. पुढचा रविवार उजाडण्याआधी व्हरांड्यातच कोसळला. हे सारे मला हिरा सिस्टरने सांगितले, मुळीच न रागावता.

माणूस डोळ्यांदेखत वाळत असता भरले ताट उचलणाऱ्यांवरील माझा आरोप कायम आहे. काल पाचवे पत्र लिहावयास घेतले आणि पुराव्याचे कागद जोडण्यासाठी फाइल उघडली. सर्वांत वर पंगतीच्या त्या पत्राची कार्बन प्रत होती. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही... मधू म्हणाला होता तसेच झाले. अक्षर बघूनच घाबरले.

ती प्रत मी जोडली आहे. अनुक्रमांक एक.